बेलभंडार आणि झऱ्याकाठचे खाचर

लिहून ठेवणार चिमाजी बिन हरिबा रसाळ, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे गुंजवणे, वेल्हे, जिल्हा पुणे. डाव्या डोळ्याने दिसत नाही, पण अक्कल ठिकाणावर आहे. हा कागद कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. दाब टाकणारे केव्हाच थकले.

१. घर, बैल आणि औते पत्नी सखूबाई हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी उठवू नये. तिच्या मागे सगळे मुलगा गेनू याचे.

२. आता खोट्या शपथेचे. पाच वर्षांमागे माझा चुलतभाऊ हैबती आणि विधवा ठकुबाई यांच्यात झऱ्याकाठच्या भातखाचरावरून तंटा झाला. मी खोटे बोलत नाही असा लौकिक, म्हणून पंचांनी भैरोबासमोर माझ्या हाती बेलभंडार दिला. तो हाती घेऊन मी ज्या वाटेने चालेन तोच दोघांच्या जमिनीतला बांध, असे ठरले. खाचर हैबतीचे होते आणि ते मला ठाऊक होते.

आदल्या दिवशी म्हादू गुरव म्हणाला, "शपथ म्हंजे शपथ. तुमीच खोटं चाललात तर उद्या पंचांनी कुणाला इचारायचं?"

सखू म्हणाली, "हैबती भावजींना नऊ खाचरं हायेत. तिला दोन पोरी आन् ह्ये एकच. म्होरलं तुमी बगा."

दोघांचेही खरे होते, हीच पंचाईत. मी खोटा चाललो, खाचर ठकुबाईच्या बाजूला टाकले.

तेव्हापासून हैबती सांगत फिरतो की देवाने माझा बैल नेला, मग डोळा नेला. बैल घटसर्पाने गेला. त्या साली गावचे आणखी सहा गेले, त्यांच्या धन्यांनी कोणती शपथ घेतली होती? डोळा मोतीबिंदूने गेला, असे भोरचे डॉक्टर म्हणाले. मला पस्तावा नाही. पुन्हा बेलभंडार दिलात तर पुन्हा तसाच चालेन.

३. एक गोष्ट मात्र टोचते. दया मी केली, जमीन दुसऱ्याची गेली. म्हणून माझे वरच्या अंगाचे खाचर, तेवढ्याच मापाचे, हैबतीला. गेनूने तोंड वाकडे करू नये, त्याला चार उरतात.

अट एकच. हैबतीने भैरोबासमोर बेलभंडार उचलून म्हणावे, झऱ्याकाठचे खाचर पहिल्यापासून ठकुबाईचेच होते. नाही म्हणाला, तर माझे खाचरही ठकुबाईला. म्हणाला आणि पुढे त्याचा डोळा गेला, तर तो मोतीबिंदू समजावा.

गुंजवणे, तारीख १२ मार्च १९५७
सही: चिमाजी हरिबा रसाळ

साक्षीदार:
गेनबा, शेजारी (मुलगा गेनू वेगळा), डाव्या हाताचा अंगठा
म्हादू गुरव, वाचून सही केली. शपथ म्हंजे शपथ, हे माझे म्हणणे कायम.