शिंकांची गोळी

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३. तिसगाव

डॉक्टर योसेफ यांनी बजावलं म्हणून लिहिते. 'गोळी कधी घेतली, छाती कधी धडधडली, रोज टिपून ठेवा, बाई.' मी मुख्याध्यापिका आहे त्या शाळेसमोर दुष्काळी कामाची खडी फुटते. त्या धुळीनं दोन महिने शिंकते आहे. एका गोळीत दोन औषधं — एक शिंका थांबवतं, दुसरं चोंदलेलं नाक मोकळं करतं.

आठला घेतली. नऊला धडधड. पण शिंक एकही नाही!

बुधवार, ७

डोळे टक्क उघडे. एका जागी बसवत नाही. चौथीच्या वह्या उभ्यानंच तपासल्या. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका लिडियाबाई म्हणाल्या, 'बसा की जरा, मुली घाबरतात.' घाबरू देत!

शुक्रवार, ९

खडी फोडणारी गोजरबाई पाणी प्यायला शाळेत आली. शिंकून शिंकून बेजार. तिला माझ्यातली एक गोळी दिली.

'ह्यानं झोप तर न्हाई ना येत, बाई? मुकादम लई वंगाळ हाय.'

'झोप? माझी पापणी मिटत नाही!' समोर उभी राहून गिळायला लावली.

शनिवार, १०

काल दुपारी गोजरबाई खडीवर पेंगली. हातोडा अंगठ्यावर बसला. मुकादम आसाराम सगळ्यांदेखत ओरडला, 'पिऊन आलीस व्हय गं?' हजेरीच्या मस्टरवरचं नावच कापलं! घरात कमावती ती एकटी.

डॉक्टरांना विचारलं. 'शिंकांच्या औषधानं झोप येतेच. तुम्हाला दुसरं जास्त लागतं, तिला पहिलं लागलं. पण तुम्ही दिलीत कुणाला विचारून?'

कुणालाच नाही. माझ्यावरून तिला मोजलं.

रविवार, ११

तिच्या घरी गेले. अंगठा चिंधीत. गोळीबद्दल कुणाला चकार शब्द बोललेली नाही. 'तुमचं नाव कशापायी घ्यायचं? शाळा हाय तुमची.'

आतून सासू कडाडली, 'आख्खं गाव तुला पेलेली म्हणतंय, आन् तुला बाईंची पडलीय!'

बरोबर बोलली.

सोमवार, १२

गोळी बंद. शिंका सुरू. धडधड आहेच. कबुलीचा कागद तीनदा लिहिला, तीनदा फाडला.

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, 'पायलीभर बाजरी द्या तिला, मिटवा. लेखी दिलंत तर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही.'

'अहो, दारुडी म्हणतात तिला!'

'विसरतील.'

ती विसरेल?

मंगळवार, १३

कामावरच्या सरकारी ओव्हरसियरच्या हाती लेखी दिलं — गोजरबाई प्यायलेली नव्हती, गोळी मी दिली. खडीवर सगळ्यांसमोर त्यांना ते मोठ्यानं वाचायला लावलं. आसाराम खाली बघत होता. नाव पुन्हा मस्टरवर चढलं.

बुधवार, १४

आबासाहेबांचा निरोप आला. लिडियाबाईंना शाळेचा चार्ज दिला. चाव्या नऊ. हजेरीपट सात. शिक्का एक. घंटा एक. त्यांची सही घेतली.