आखितीच्या दिवशी कुलूप

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर
२२ एप्रिल

सौ. लीलाबाई यांना सरिताचा नमस्कार.

तिकडे सगळे बरे असाल. धोंडिबारावांच्या गुडघ्यांना उन्हाळ्यात जरा आराम असतो, तसा याही वर्षी असावा. मी ठीक आहे. तुमची सोनियाही आता ठीक आहे. 'आता' का लिहिले ते पुढे येईल. पत्र नातवाकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून स्वतः वाचा.

रविवारी तुम्ही लासूरहून आंब्यांची पाटी घेऊन आलात आणि दाराला कुलूप पाहून परत गेलात. पाटी समोरच्यांकडून मिळाली. संध्याकाळी तुमचा फोन आला. "पोटचा पोरगा गेल्यावरची पहिली आखिती, अन् आई दाराला कुलूप लावून गाणे ऐकायला गेली," एवढे बोलून तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतर मी लावला तर उचलत नाही. तुमचा राग मला समजतो. येणार म्हणून तुम्ही आधी कळवले असते तर मी तुम्हाला थांबवले असते, पण ही सबब झाली. कुलूप मीच लावले होते.

तर सांगते. सोनिया डिसेंबरपासून ज्या कार्यक्रमवाल्यांकडे कामाला जाते, त्यांनी खुलताबादच्या पुढे एका मळ्यात गाण्यांचा महोत्सव ठेवला होता. दोन दिवस गाणी आणि मुक्काम तंबूत. पुण्या-नाशिकची पोरे येणार, त्यात मुली पुष्कळ. मुलींच्या तंबूंवर कोणी वयाची बाई हवी, असे पालकांचे म्हणणे पडले. मी शाळेत शिकवत असताना गाईडची शिबिरे घेत असे, हे सोनियाला माहीत. ती म्हणाली, "आई, तुम्ही चला. तुमच्याएवढं दरडावणारं दुसरं कोणी नाही." तारखा जाहीर झाल्यावर लक्षात आले की रविवारी अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखिती.

मी म्हणाले, इंद्रजीतच्या नावाची घागर तिथेच भरू. झाडाखाली भरली काय आणि तुळशीपाशी भरली काय, पाणी पोचायचे तिथे पोचते. सोनियाला पटले नव्हते, पण माझ्यापुढे ती फार बोलत नाही.

एप्रिलमध्ये मराठवाड्यात तंबूत राहायचे, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला कळले नाही. शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा उघड्या रानात नायलॉनचे नारिंगी तंबू ओळीने उभे होते, सगळ्यांची तोंडे मावळतीकडे. दुपारी आत हात घातला तर चटका बसत होता. स्वयंपाकाला आलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "बाई, ह्या लेकरांना मुक्कामाला ठिवलंय का वाफंवर लावलंय?"

मी संयोजकाला बोलावले. चांगल्या घरचा पोरगा, डोक्यावर गवती टोपी. त्याला म्हटले, तंबू बांधावरच्या कडुलिंबांखाली घे, तोंडे उगवतीला कर. तो म्हणाला, "मॅडम, तिथून स्टेज दिसत नाही." मी म्हणाले, "झीट आल्यावर इथूनही दिसणार नाही." तंबू हलले. अकरा ते पाच गाणे बंद ठेवायला लावले. गोणपाटे भिजवून तंबूंवर टाकली, द्वारकाबाईंनी ताकाचे पिंप भरून सावलीत ठेवले, आणि मी मुलींना रांगेत उभे करून डोक्याला ओले रुमाल बांधायला लावले. एकीने विचारले, "काकू, तुम्ही मिलिटरीत होता का?" मी म्हणाले, "नाही, आठवी ब ला." तिला ते कळले नाही.

गाण्यांविषयी मला फार सांगता येणार नाही. काही चांगली होती. काहींचा ठोका जमिनीतून पायात यायचा. इंद्रजीतला आवडली असती.

रविवारी पहाटेच आम्ही दोघींनी घागर भरली. नवी काळी घागर, गळ्याला सूत, भोवती ओले फडके, वर खरबूज आणि एक आंबा. सगळ्यांपासून लांब, एका लिंबाच्या बुंध्याशी वाळूवर ठेवली. आपल्याकडे नैवेद्य होईपर्यंत घरातले कोणी पाणी घेत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. नैवेद्य बाराला दाखवायचा ठरला. द्वारकाबाई आंब्याचा रस आणि पोळी करून देणार होत्या. मला रक्तदाबाच्या गोळ्या घ्याव्या लागतात म्हणून सोनियाने मला पाणी प्यायला लावले. स्वतः घेतले नाही.

अकराच्या सुमारास मी त्या बाजूला गेले तर लिंबाखाली ही गर्दी. उन्हाळ्यात झाडाखाली ओले फडके गुंडाळलेली घागर म्हणजे पाणपोई, दुसरे काय समजणार ती पोरे? खरबूज खाली उतरवून नीट बाजूला ठेवले होते आणि एक मुलगी पेल्याने सगळ्यांना पाणी वाढत होती.

मी ओरडले नाही. ती मुलगी मला बघून म्हणाली, "काकू, ही तुमची का? काय गार आहे हो. टँकरचं पाणी तोंडात धरवत नाही."

मी म्हणाले, "माझ्या मुलाची आहे."

"मग त्याला आमचा थँक्यू सांगा."

लीलाबाई, या सहा महिन्यांत किती लोक भेटायला आले. वाळूजहून त्याच्या कंपनीचे आले, दुसऱ्या पाळीहून परतताना अपघात झाला त्या वळणावर लाइट कसे नव्हते ते सांगून गेले. तुमचे भाऊ आले, माझे आले. सगळ्यांशी मी बोलले. या पोरीला एवढेच म्हणाले, "पेला धुऊन ठेव," आणि मागे वळले, तर सोनिया उभी होती.

तिचा चेहरा पाहून पोरे बाजूला झाली. ती म्हणाली, "आई, उष्टी झाली." मी म्हणाले, "तहानलेल्यांनी प्यायली. होऊ दे. तू पण घोटभर पी." ती म्हणाली, "नाही. मी पुन्हा भरते. नैवेद्य होईपर्यंत मी पाणी घेणार नाही." मी दरडावले. त्या दिवशी दरडावण्याचा उपयोग झाला नाही. तिने घागर घासून घेतली, मळ्याच्या विहिरीवर जाऊन भरून आणली, पुन्हा सूत बांधले. मग कामाला निघून गेली, कारण कुठला तरी गायक गाडीत बसून राहिला होता आणि उतरायला तयार नव्हता. नैवेद्य राहिला. एक वाजला तरी ती फिरतच होती.

ती कोसळली ती माझ्यासमोरच. उभी होती, बोलत होती, आणि गुडघ्यातून खाली आली. कातडी तापलेली, कोरडी. घामाचा थेंब नाही. हे लक्षण वाईट, एवढे शिबिरांमुळे माहीत होते. चौघींनी उचलून तिला त्या लिंबाखालीच आणले, कारण तेवढीच दाट सावली जवळ होती. पिंपाकडे पोरी धावल्या, पण पिंप लांब.

घागर तिथेच होती. मी खरबूज, आंबा काढला आणि सगळी घागर तिच्या डोक्यावर, मानेवर, अंगावर रिकामी केली. त्या वेळी मनात काही आले नाही. इंद्रजीतही आला नाही. खोटे कशाला लिहू?

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले आणि तीन पाने टाळत आले, ते लिहिते.

पाणी पडल्यावर तिचे डोळे उघडले आणि नाकातून रक्त आले. मी तिचे डोके मागे टेकवायला गेले, तर माझ्या खांद्यावरून कोणी म्हणाले, "बाई, डोकं मागं नका टाकू. त्यांचा घोळणा फुटतो उन्हात. जरा पुढं वाकवा, थांबतं आपोआप." आणि थांबले.

तिचा घोळणा फुटतो हे मला माहीत नव्हते. ती माझ्या घरात चार उन्हाळे राहिली. तुम्ही आई, तुम्हाला माहीत असेल. आणि या माणसाला माहीत होते.

तो ध्वनियंत्रणा सांभाळणारा. सोमनाथ त्याचे नाव. त्यानंतर तो पडद्याचे कापड दोन्ही हातांनी धरून तिच्यावर सावली करून उभा राहिला. सरकारी दवाखान्यातून डॉक्टर येईपर्यंत तसाच उभा. तिच्याकडे एकदाही सरळ पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. हात दुखत असतील म्हणून मी म्हणाले, "कोणाला तरी दे आता." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई. सवय हाये." कसली सवय, ते त्याने सांगितले नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावले. तासाभराने ती बसती झाली. ऊन उतरल्यावर तिला तंबूबाहेर बाजेवर निजवले आणि मी शेजारी बसले. तिकडे स्टेजवर कोणीतरी नुसती बासरी वाजवत होते, बरे वाटत होते. मी विचारले, "कधीपासून?" ती रडली नाही. म्हणाली, "मला कळलं जानेवारीत. त्याला आधी." मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर नाही, आई." मी म्हणाले, "माझ्यावर ढकलू नकोस." ती म्हणाली, "ढकलत नाही. विचारतेय. लासूरला मी विचारू शकत नाही."

सोमनाथ तुमच्याच गावचा. स्टेशनपलीकडच्या केसरबाईंचा मुलगा. बाजार समितीसमोर शिलाईचे दुकान आहे त्या. तुम्ही त्यांच्याकडून झंपर शिवून घेता. निळ्या कमानीच्या आत त्यांचे घर. म्हणजे ते बौद्ध, आपण मराठा. तुम्ही हे वाचताना पत्र खाली ठेवाल. ठेवा, आणि मग पुन्हा उचला.

त्याच्याविषयी माझ्याही तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला. तो कसा आहे, कमावतो किती, पितो का, यातले काही नाही. "कोणाचा?" असे विचारले. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले, जन्मभर मुलींना नागरिकशास्त्र शिकवले, आणि तोंडात आले ते हे. सोनियाने केसरबाईंचे नाव सांगितले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उठून ताक आणायला गेले. तिथे द्वारकाबाईंबरोबर पेले धूत बसले.

तुमच्या मनात तुमच्या भाचीच्या दिराचे स्थळ आहे, ते मला ठाऊक आहे. वर्ष सरले की सोनियाला घेऊन जाणार, हेही तुम्ही बोलला होता आणि मी गप्प राहिले होते. तुम्ही त्याला होकार समजलात. मी त्या वेळी कशालाच हो किंवा नाही म्हणत नव्हते. तो गृहस्थ वाईट नसेल. पण सोनियाला तो नको आहे, आणि तिला काय हवे ते तिने सांगितले आहे.

लोक काय बोलतील ते मी जाणते. नवऱ्याचे वर्ष सरले नाही आणि हिचे हे, असे म्हणतील. म्हणू देत. माझ्या मुलाच्या घागरीसाठी ती मुलगी बेचाळीस अंशांत कोरडी राहिली. तिने इंद्रजीतला कमी लेखले, असे कोणी माझ्यासमोर म्हणून दाखवावे. तुम्हीसुद्धा.

आणि कुलपाचे खरे कारणही लिहून टाकते. सोनियाला सोबत म्हणून मी गेले नव्हते. आखितीला तुम्ही सगळे याल, बायका घागरीभोवती बसतील, आणि मला त्या घरात त्याच्या फोटोसमोर बसावे लागेल, याला मी घाबरले. तंबू, टँकर, पोरांना ओरडणे, हे मला जमते. ते बसणे जमले नसते. मी फार दमले आहे, लीलाबाई. हे आतापर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

सोनियाला उत्तर द्यायला मी दोन दिवस घेतले. आज सकाळी चहाच्या वेळी सांगितले, माझी हरकत नाही. वर्षश्राद्ध आपण नीट करू. त्यानंतर नोंदणी कार्यालयात लग्न. केसरबाई तयार आहेत, सोमनाथने विचारून ठेवले होते. तिने मला विचारले, "तुम्ही एकट्या कशा राहाल?" मी म्हणाले, "मला दोन वेळचा स्वयंपाक येतो." त्यावर ती उठून आत गेली. मी भांडी घासली.

आता तुम्ही काय करायचे ते तुम्ही ठरवा. रागावून या, पण या. तिच्या अंगात अजून त्राण नाही, तिला आईच्या हातचे खायचे आहे. तुमच्या पाटीतला एकही आंबा तिने कापू दिलेला नाही. लग्नाच्या दिवशी साक्षीला तिच्या बाजूने कोणी तरी उभे राहावे लागेल. ती जागा तुमची आहे. तुम्ही आलात तर मी मागच्या रांगेत बसेन, मला तिथे बसायची सवय करायचीच आहे. नाही आलात, तर मी सही करीन, आणि नाव लिहिताना नात्याच्या जागी 'आई' लिहीन. मग त्यावर भांडायला येऊ नका.

धोंडिबारावांना नमस्कार. त्यांना हे तुम्हीच सांगा. मी सांगितले तर ते माझ्याशी बोलायचे थांबतील, तुमच्याशी थांबून चालणार नाही.

अजून तरी आपली विहीण,
सरिता