त्या धंद्यात एकच दुकान काऊन

रूपराव, माह्या ज्वारीच्या कणगीजवळ बांबूच्या मोळ्या उभ्या आहेत अन् उशाशी कोऱ्या कापडाचा गठ्ठा आहे. दुकानात ओल येते म्हणून तुह्या पोरानं मयताचं सामान घरात आणून ठेवलं. असं सामान घरात आगाऊ ठेवत नाईत हे तुह्या बी.कॉम. झालेल्या पोराले माहीत नाई, अन् तुले माहीत असून तू बोलला नाई. ही तक्रार आधी. आशीर्वाद आता घे.

चिरंजीव रूपराव यास देवळीहून आई आनंदाबाईचा आशीर्वाद, सूनबाई विमलालेही त्यातलाच अर्धा. तब्येत विचारत नाई. ह्या घरातून कोणाची तब्येत विचारली की लोक तोंड फिरवते. तुह्या ओमप्रकाशनं शेजारच्या कमलाबाईले सरळ मनानं विचारलं, सासूबाईंचा खोकला कसा आहे, तर तिनं आमच्या विहिरीवर येणं सोडलं. (दुसऱ्या विहिरीचं पाणी खारं आहे, तरी सोडलं.)

दिवाळीत तू नागपूरहून आलता, तेव्हा ओसरीवर पाय पसरून पोराले शिकवण दिली. मी दुसरी शिकली, पण जवळच तांदूळ निवडत होती, सारं ऐकलं. धंद्यात उतरायच्या आधी पाहावं म्हणे, किती जण आधीच भांडून राह्यले, उद्या आणखी कोणी घुसन का, गिऱ्हाईक भाव पाडन का, माल देणारा गळा धरन का, अन् आपल्या मालाऐवजी लोक दुसरं काही वापरतीन का. पोरगं लगेच बाजारात फिरून आलं. कापडाची दुकानं रांगेनं, चहाच्या टपऱ्या एकीच्या अंगावर एक, सायकलवाले एकमेकाचं गिऱ्हाईक सडकेवरून ओढून नेते. मयताच्या सामानाचं दुकान मात्र एकच, नत्थूजीचं, अन् तोही म्हातारा. तिथं गिऱ्हाईक भाव करत नाई, पुढच्या हप्त्यात पाहू म्हणत नाई. बुरड गरीब, कोणालेही बांबू देते. मेलेल्या माणसाले दुसरं काही चालत नाई. अन् नवा कोणी घुसत नाई, कारण असल्या दुकानदाराले कोणी पोरगी देत नाई. ओमप्रकाश म्हणते, आजी, असा धंदा साऱ्या जिल्ह्यात नाई. मी म्हटलं, मंग साऱ्या जिल्ह्यानं तो काऊन सोडला ते विचारून ये. तो हसला.

दुकान टाकलं. पाटी रंगवली, ‘एक वेळ अवश्य भेट द्या’. कापडावर सवलत ठेवली. पहिलं गिऱ्हाईक आलं, बाप गेलेला माणूस, अन् ह्यानं सामान बांधून देताना त्याले म्हटलं, ‘या परत.’ त्या माणसानं मडकं तिथंच ठेवलं अन् नत्थूजीकडे गेला. नत्थूजी सामान कोणाच्या हातात देत नाई, जमिनीवर ठेवते, अन् या-जा काहीच म्हणत नाई. सवलतीनंही कोणी आलं नाई. आज्याले सवलतीच्या कापडात नेलं असं गावात कोणाले ऐकायचं आहे? म्हणजे जे गिऱ्हाईक भाव करत नाई, त्याले भाव दाखवून ओढताही येत नाई. हे तू ओसरीवर सांगितलं नव्हतं.

आता पुढचं नीट वाच, अन् विमलाले वाचून दाखवू नको.

नत्थूजी गिऱ्हाईक येण्याच्या आधीच बांबू कापून ठेवते. गावाले हे ठाऊक आहे, म्हणूनच त्याच्या दुकानापुढून जाताना लोक दुसऱ्या बाजूले पाहते. ओमप्रकाशले वाटलं, म्हाताऱ्यानं दवाखान्यात खबर द्यायले कोणी माणूस लावला आहे. म्हणून हा समोरच्या टपरीवर चहा पीत पाळत ठेवून बसला. तिथं लहानू टेलर होता, तोच तो, पायजम्याची नाडी नेहमी लोंबत ठेवणारा. भर दुपारी नत्थूजी बांबू कापून राह्यला होता. लहानूनं मस्करीत हाक मारली, ‘नत्थूजी, आज कोणाचं?’ नत्थूजी मान वर न करता म्हणाला, ‘चहा पे, थंडा होऊन राह्यला.’ लहानूनं चहा पेला, पान खाल्लं, अन् दिवस कलायच्या आत आपल्या मशीनवर मान टाकली. बांबू त्याच्या मापाचा निघाला. असल्या दुकानदाराशी सवलतीची पाटी कशी भांडणार, सांग.

त्यानंतर नत्थूजी माह्या दाराशी आला. आत आला नाई, मी ये म्हटलंही नाई. म्हणाला, ‘बाई, तुमचं पोरगं माह्याजवळ बसवा. दुकान त्यालेच देतो.’

मी म्हटलं, ‘फुकट?’

‘मलेही फुकटच दिलतं. तेव्हा मी तुमच्या ओमप्रकाशएवढा होतो.’

‘अन् तुले समजते कसं?’

‘मले काहीच समजत नाई. हात चालते. मागून समजते.’ मंग म्हणाला, ‘बहुत वर्षं झाली, कोणी घ्यायले भेटत नाई.’ तो मले दुकान विकायले आलेला वाटला नाई. डोक्यावरचं ओझं उतरवायले भिंत पाहून राह्यला होता.

मी नाई म्हटलं. पोरगं तरी त्याच्याजवळ बसायले गेलं. त्याले वाटलं, भांडण मिटलं, दोन्ही दुकानं आपली. तेव्हापासून धंदा जोरात आहे अन् पोरगं वाळून राह्यलं. जेवता जेवता उजवा हात मांडीखाली दाबून धरते. मागल्या बाजाराच्या दिवशी नत्थूजी नुसता बसला होता अन् कोयता ह्यानं उचलला. संध्याकाळी कमलाबाईची सासू गेली. नत्थूजी आता दिवसभर आरामात झोपते, घोरते म्हणे. एवढा निवांत माणूस मी पाह्यला नाई.

तुह्या शिकवणीत आत कसं जायचं तेच होतं. बाहेर कसं यायचं, हे तू त्याले शिकवलं नाई, अन् ज्या धंद्यात एकच माणूस दिसते तो तिथं खुशीनं बसला की अडकला, हे पाह्यले सांगितलं नाई. म्हणून आता तूच ये. येत्या रविवारच्या एस.टी.नं येजो, पोराले नागपूरले ने, तुह्या कचेरीत फायली उचलायले लाव. तिथं शंभर जण एकमेकाचे पाय ओढते ना? बरंच आहे. मले आता गर्दीचाच धंदा पाहिजे.

आई आनंदाबाई

ता. क. येताना विमलाच्या हातचं लोणचं आणू नको. मागलं कडू निघालं होतं. गाईनंही खाल्लं नाई.

आणखी ता. क. पत्र चिकटवलं होतं, ते वाफेवर उघडलं. वर मी ये म्हटलं ते खोडलं समज. येऊ नको. आज दुपारी ओमप्रकाशनं आंगणात बसून बांबू कापला. मी विचारलं कोणाचा, तर म्हणते, ‘आजी, हात चालला.’ मी त्या बांबूले पाठ लावून उभी राह्यली. माह्याहून बहुत लांब. ओमप्रकाशहून लांब, नत्थूजीहून लांब, आपल्या गल्लीत त्या मापाचा कोणीच नाई. एवढा उंच आपल्याकडे तूच निघाला, दारातून वाकून येते तो.

बांबू जाळला तर वंश जळते म्हणते, म्हणून चुलीत घातला नाई. कुऱ्हाडीनं दोन तुकडे केले अन् दोडक्याच्या वेलाले लावले. ओमप्रकाश म्हणते, ‘आजी, त्यानं काही होत नाई.’ मी म्हटलं, ‘दोडके तर होतीन.’

तू एस.टी.त बसू नको, सायकलवर बसू नको, जिन्यावर भिंत धरून उतर. पोराले रामाजी कंडक्टर नागपूरच्या गाडीत बसवून देतो म्हणाला आहे, त्याची काळजी करू नको. अन् ह्या पत्राचं उत्तर तूच लिहायचं, तुह्याच हातानं. विमलाच्या अक्षरात आलं तर मी ते फोडणार नाई.