चालेल

४ फेब्रुवारी, मंगळवार
नवी नोकरी, नवी वही! कारखाना इतका लखलखीत की चपला बाहेर काढून आत जावंसं वाटलं. इथली यंत्रं म्हणे एकमेकांशी बोलतात. माणसं मोजकी, तीही गप्प. माझं काम पंपाच्या पात्यांना शेवटची कानस मारायचं. कडेवरून अंगठा फिरवायचा, खरखर लागली तर घासायचं, मनासारखं झालं की "चालेल" म्हणून पातं पुढे सरकवायचं. वीस वर्षांची सवय आहे. घरी भाजी चाखूनसुद्धा मी एवढंच म्हणतो, बायको वैतागते. मॅनेजरबाईंनी तारांचा पातळ हातमोजा दिलाय. माझं बघून शेजारचा यांत्रिक हात शिकणार आहे. लेकीने विचारलं, तो वेणीपण घालणार का? तिची वेणी रोज सकाळी मीच घालतो. तिच्या मते मला तेवढं एकच नीट येतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
यांत्रिक हात भलताच हुशार. आठवड्यात माझी अर्धी विद्या गिळली. फक्त पातं ठेवण्याआधी तो दोन टिचक्या मारतो. मी कधीच मारत नाही. विचारल्यावर कळलं, ही लकब मामांची. मामा म्हणजे माझ्या आधीचे कारागीर, आता फाटकावर बसवलेत. त्यांचा उजवा हात कायम खिशात, चहालासुद्धा बाहेर येत नाही. खिशात खजिना आहे का, अशी मी थट्टा केली. मामा हसले नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून यंत्रही माझ्या हाताला सावरणार, चूक होऊ देणार नाही, असं मॅनेजरबाई सांगत होत्या. त्याला माझी परवानगी हवी होती. माझं लक्ष हातातल्या पात्यावर. कड झकास झाली होती, म्हणून मी म्हणालो, "चालेल." पडद्यावर हिरवी खूण आली. संमती आवाजावरून घेतात म्हणे. ते मी पात्याला म्हटलं होतं, हे सांगायची मला लाज वाटली.

२ मार्च, रविवार
मला सुट्टी, यंत्रांना नाही. जेवताना उजवा हात आपोआप हलायला लागला. ताटाच्या कडेवरून अंगठा, पुढे, मागे, मग दोन टिचक्या. हातमोजा तर कारखान्यात आहे! बायकोला वाटलं मी सोंग करतोय. बरोबर दोन वाजता थांबला. दोनला शिफ्ट बदलते, तेव्हा यंत्रं दहा मिनिटं बंद असतात. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू.

७ मार्च, शुक्रवार
मला काढलं. यंत्र शिकलं, आता माणूस नको. निदान माझा हात तरी सोडवा, म्हणालो. बाई गोड आवाजात म्हणाल्या की संमती माझीच आहे, आणि या हातामुळे नग वाया जात नाहीत. म्हणजे मला काढलंय, हाताला नाही. संतापाने मी तडक बाहेर पडलो.
फाटकावर मामांनी खिशातून हात काढून दाखवला. अंगठ्याचं पेर झिजून गेलंय. मिळेल त्या कडेवर फिरतो, भिंत, दगड, काहीही, म्हणाले. आणि घरात लहान कोणी असेल तर — पुढचं मी ऐकलं नाही.

९ मार्च, रविवार
डाव्या हाताने लिहितोय. वेणी घालताना अंगठा तिच्या कानाच्या कडेवर गेला — फिरत राहिला — खरखर शोधत. गुदगुल्या होतात म्हणून ती हसली. मी मागे ओढतोय, हात येत नाही. शेवटी बायकोने दोन्ही हातांनी उपटून काढला.

१० मार्च
हात पट्ट्याने खाटेला बांधलाय. वेणी आता शेजारच्या काकू घालतील. दुखतंय का, बायकोने विचारलं. तोंडातून निघालं, चालेल. डॉक्टरकडे जायचं का? चालेल. दुसरा शब्दच येत नाही.

११ मार्च
बायको कामावर गेली. पट्टा तुटलाय — घासून. पेटीतली माझी जुनी कानस हातात आहे. मी घेतली नाही.
दाराबाहेर लेक. काकूंची वेणी सैल होते, बाबाच छान घालतो, म्हणतेय — आत येऊ का, विचारतेय —
नको म्हणायचंय — फक्त नको — देवा, एकदाच —
चाले