चांदणवेलच्या तीन कॅसेटा आणि शाळेचा टोल

रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांडा पडला की तो आवाज आधी छातीत शिरे आणि मग कानात येई. किन्हीराजाच्या आमच्या शाळेचा तो टोल. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात त्याला जागा नाही, पण लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला, म्हणून पहिल्यांदा तोच लिहिला.

मी, बाबूलाल दौलतसिंग चव्हाण, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी चंदाबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. "लवकर लिवा, पोहे थंडे होऊन राह्यले," एवढेच तिचे दडपण. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले आहेत आणि चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता अजून पाठ आहेत. मन शाबूत असल्याचा याहून मोठा दाखला माझ्यापाशी नाही.

१. राहते घर, अंगणातल्या कडुनिंबासह, चंदाबाईच्या हयातीत पूर्णपणे तिचे. तिच्यानंतर मुलगा नवीन आणि मुलगी संगीता यांना सारखे. नवीनने कडुनिंब तोडून गाडी ठेवायला जागा करू नये. त्याच झाडाखाली तो पाढे शिकला आहे.

२. बँकेतली ठेव चंदाबाईची. तिने ती नातवंडांच्या मोबाइलवर खर्च करू नये ही विनंती आहे, अट नाही. अट घातली तर ती मुद्दाम करील.

३. कवितांची पुस्तके गावातल्या शाळेला. समासात पेन्सिलीने खुणा आहेत, त्या खोडू नयेत. कुठे श्वास घ्यायचा त्याच्या त्या खुणा आहेत.

४. सिंथेसायझर, त्याचे खोके आणि वायर गफ्फार शेख, राहणार शेलूबाजार, यांस. हे वाद्य माझ्या मालकीचे नव्हतेच, मी ते फक्त सांभाळले. दर खांडेनवमीला विळा, भाजी चिरायची पावशी आणि चंदाबाईचा पाटा-वरवंटा यांच्या ओळीत ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले. काही पट्ट्या आता बोलत नाहीत.

या कलमाची हकिगत सांगणे भाग आहे, नाहीतर मुलांना वाटेल म्हाताऱ्याने घरातली वस्तू परक्याला दिली.

आमच्या गावचे 'चांदणवेल संगीत मंडळ' शाळेच्या पुस्तकातल्या कविता गात असे. एक कविता अर्धा अर्धा तास चाले, मधे ताल दोनदा बदले, आणि शेवटचे कडवे पुन्हा पहिल्या चालीत येऊन मिळे तेव्हा लोक मांडीवर थाप मारत. सोजरबाई गायच्या. भरलेल्या विहिरीसारखा आवाज. गफ्फार पेटी वाजवायचा. मग अठ्ठ्याऐंशी साली त्याने हे यंत्र आणले आणि लोक म्हणाले, चांदणवेल संपली.

यंत्रावरच्या तीन कॅसेटा आमच्याच वर्गात झाल्या, दर हिवाळ्यात एक. सुरुवातीची खूण म्हणून मी बाहेर एक टोल द्यायचो. गफ्फारला तो इतका आवडला की त्याने यंत्र टोलाशी जुळवले. "राहू द्या गुरुजी, हाच आपला सा," म्हणाला. कॅसेटा आल्या आणि सोजरबाईंचा आवाज चिमणीसारखा, यंत्र जत्रेतल्या पिपाणीसारखे. सगळे म्हणाले, मशीनच्या नादात बाईचा गळा गेला. मला तो टोलही बारीक लागायचा. वाटे, कॅसेटमध्ये लोखंडसुद्धा लहान होत असेल.

तिसऱ्या कॅसेटनंतर गावच्या यात्रेत हे यंत्र पहिल्यांदा मंचावर ठेवले. गफ्फारने बोट टेकवण्याआधीच आमचे बबनराव पुढच्या रांगेतून उठले. "कॅसेट ऐकली आमी. ते उचल अन् पेटी आन." सगळ्या मंडपाने तेच धरले. गफ्फारने वायर काढली, यंत्र माझ्या ओसरीवर आणून ठेवले आणि म्हणाला, "तुमच्यापाशी असू द्या. या गावात मी आता नाई येत." आला नाही. शेलूबाजारला त्याचे गाद्या भरायचे दुकान आहे. मी जातो, चहा होतो, कापसाचे बोलणे होते. यंत्राचा विषय काढला की तो गादीला टाके घालायला लागतो. सोजरबाई वारल्या तेव्हाही तो वेशीपासून परत गेला.

गेल्या पावसाळ्यात चांदणवेलच्या जुन्या श्रोत्यांनी फोनवर गट काढला. पेटीच्या काळातल्या गाण्यांचे कौतुक झाले, मग बबनरावांनी यंत्राच्या कॅसेटांची टिंगल केली. मी लिहिले की त्या कॅसेटांत शाळेचा टोलसुद्धा बारीक लागतो. अकोल्याला नर्स असलेली संगीता सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "बाबा, टोल तर अजून शाळेत टांगलेला आहे ना?" आम्ही जाऊन त्याचा आवाज घेतला आणि तिने फोनवर कॅसेटचा वेग हळूहळू कमी केला, कॅसेटमधला टोल खऱ्या टोलाशी येऊन मिळेपर्यंत. त्यामागून सोजरबाई गायला लागल्या. विहीर भरलेली होती. चंदाबाई चुलीपासून उठून आली आणि उभीच राहिली.

हिवाळ्यात ओलिताचे पंप सुरू झाले की गावातले दिवे पिवळे पडत. टेपही तेव्हा मंद चालला असणार. मंद भरलेली कॅसेट चांगल्या विजेवर धावली. एवढेच झाले होते. त्यापायी एक माणूस गाव सोडून गेला.

आता गटात रोज कोणी ना कोणी लिहितो. कोणाला दुसऱ्या कॅसेटमधला तो पावसाचा लांब सूर पेटीच्या काळाहून मोठा वाटतो. कोणी म्हणतो, हे आपल्या काळाच्या पुढचे होते. मला तसे वाटत नाही, ते आपल्याच काळाचे होते. गफ्फार त्या गटात नाही.

५. तिन्ही मूळ कॅसेटा संगीताला. ज्याला हव्यात त्याला तिने उतरवून द्याव्यात, पण टोलाशी जुळवूनच. माझ्या तेराव्याला तिसरी लावावी. जेवणाच्या पंगती उठल्यावर लावावी, वाढपी मध्ये ओरडतात.

६. बबनरावांना काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, दिले तर ते रद्द होते, असे वकील म्हणाले. त्यांना साक्षीदार करण्यामागे हेही एक कारण होते. हे वाचून ते म्हणाले, "बाबूलाल, मेल्यावरही टोमणे मारशीन तू." आणि पेनचे टोपण काढून बसले. माझ्या सहीसाठी दुसऱ्या साक्षीदाराची, म्हणजे मालेगावच्या अश्वजितची, वाट पाहत आहोत.

शेवटची नोंद. मोटारसायकल थांबली. अश्वजित समजून चंदाबाईने दार उघडले. दारात गफ्फार.

"टोल तुमीच मारला होता ना, गुरुजी?" तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "संगीतानं फोनवर गानं धाडलं. सकीना म्हने, हे बाई कोन गाते? इतक्या वर्सांची बायको माही, तिले सोजरबाई मालूम नाई."

बबनराव उठले. माझ्या घरात खुर्ची एकच चांगली आहे, तिच्यावर तेच बसले होते आणि आता वाट अडवून तिच्यापुढेच उभे राहिले. "गफ्फार, इथं बस," म्हणाले. "म्या तवा वाजवू नाई देल्लं तुले. आता आयकतो."

"तुमी आयकतान, पन खुर्ची द्यान तवा ना. मागं सरका," गफ्फार म्हणाला आणि आत आला.

अश्वजितचा फोन आला की गाडी पंक्चर आहे. गफ्फार म्हणाला, साक्षीला मी चालत नाही का? मी त्याला चौथे कलम दाखवले आणि वकिलांचा नियम सांगितला. सही केलीस तर यंत्र मिळणार नाही.

त्याने ते शांतपणे वाचले. "मंग मरायची वाट काहून पाहू? आताच द्या."

म्हणून कलम चार खोडले आहे. खाडाखोडीशेजारी तिघांच्या सह्या आहेत. वस्तू हयातीतच पोचती झाली, तिच्यावर माझ्या वारसांचा हक्क नाही. बाकीची कलमे कायम.

ठिकाण: किन्हीराजा. दिनांक: १८ जानेवारी २०२६.

लिहून ठेवणार: बाबूलाल दौलतसिंग चव्हाण (सही)

आमच्या दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, त्यांच्या समक्ष आम्ही करतो.

साक्षीदार: बबनराव तुळशीराम गावंडे, किन्हीराजा (सही)

साक्षीदार: गफ्फार शेख, शेलूबाजार. (सही उभ्याने, घाईत. वायर लावायला बोर्ड कुठे आहे असे विचारत होते.)