जोझेतबाईंच्या खिडकीतली माझी शिल्लक

क्यूबेक, खालची पेठ,
मार्च १७६४

आदरणीय दाजी,

बाझील पिपेवाल्याचा टोपी काढून नमस्कार (थंडी फार, लगेच परत घातली). ताईचा खोकला कसा आहे? छातीला बदकाची चरबी चोळायला सांगा. वैद्याला विचारू नका, त्याला ते मीच शिकवलं.

मी सुखरूप आहे, पण माझी सगळी शिल्लक एका खिडकीत अडकली आहे. इंग्रजांच्या तोफांनी शेजारच्या जोझेतबाईंच्या काचा फोडल्या होत्या (विधवा बाई, दोन पोरं, स्वभाव मोहरीसारखा). राज्य बदललं तेव्हा मीच पेठभर सांगत फिरलो, की जुन्या फ्रेंच सरकारचे सहीशिक्क्याचे पत्ते (नाण्यांच्या जागी चालायचे ते) आता पैसे नव्हेत, नुसता पुठ्ठा. बोललो ते करून दाखवायला नको? माझे सगळे पत्ते मी त्यांच्या खिडकीला चिकटवले, कडेला कड जुळवून, एकूण एक सही सुलटी. सरस घरचा, माशाच्या कातड्याचा, कुणाकडून न शिकता केलेला.

आता दवंडी आली: पत्ते कचेरीत आणून नोंदवा, फ्रान्सचा राजा काहीतरी देणार. काढायला गेलो तर एकही निघेना (सरस माझा, निघेल कसा!). वाफ द्यावी तर शाई पसरते. म्हटलं, चौकटच उचलून नेतो. तर बाई झाडू घेऊन आडव्या. "अहो शहाणे, माझी पोरं गारठली म्हणजे? खिडकी तुमची ना? मग इथेच येऊन राहा नि सांभाळा!" मी शांतपणे समजावलं, की माझ्या खोलीतली शेगडी जास्त चांगली आहे, आणि खिडकी तिथूनही दिसते. त्यांनी कपाळावर हात मारला. मी निघालो, आणि त्यांच्या बोलण्याचा खरा अर्थ मला पार पाववाल्याच्या दुकानापाशी पोचल्यावर उमगला. तसाच बर्फातून धडपडत मागे पळालो. मग भोकाला गोधडी ठोकून चौकट आम्ही दोघांनी मिळून कचेरीत नेली.

आपला,
बाझील

ता. क. तिकडे मॉन्ट्रियलला काचा मिळत असतील तर गवतात बांधून पाठवा.

ता. क. काचा राहू द्या. कारकुनानं मालकाचं नाव विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "जोझेत, बाझील पिपेवाल्याची बायको." त्यानं लिहिलं, शाई वाळली. राजाच्या दप्तरात खोटी नोंद मला खपायची नाही. तेव्हा ईस्टर उरकला, पाद्री लग्नं लावू लागले, की तुम्ही नि ताई या. तुमचा निळा कोट आणा. तुम्ही मात्र दुसरं काहीतरी घाला.