नात्सुएचा नववा भाग

९ ऑक्टोबर
टक्-टक्, टक्! लाकडाच्या दोन पट्ट्यांचा आवाज. सात वर्षांचा होतो तेव्हा चित्रकथावाला सायकलवरून यायचा, पट्ट्या वाजवायचा, आणि आम्ही भुताच्या गोष्टीला धावायचो. आज दुपारी तोच आवाज — टीव्हीतून!

कुरियरने ‘बुडालेलं गाव’ या भुतांच्या व्हिडिओ गेमचा नववा भाग आला. माझ्या बायकोने, नात्सुएने, उन्हाळ्यातच नोंदवून ठेवला होता. आधीचे आठही तिने संपवलेले. मी शेजारच्या खोलीत शाळेतल्या कविता आठवत बसायचो. "या वयात भुतं?" म्हणालो की ती म्हणायची, "तुमच्या कवितांपेक्षा जिवंत आहेत."

ती गेली त्याला आज अडतिसावा दिवस. वीस तारखेला एकोणपन्नासावा. तोवर ती इथेच घुटमळणार, मग निघणार. शेवट ऐकल्याशिवाय कशी जाईल? ठरलं. मी खेळणार, आणि रोज फोटोपुढे बसून तिला सांगणार.

१० ऑक्टोबर
अकरा वेळा मेलो.

११ ऑक्टोबर
धरणाच्या पाण्याखाली गाव. घराघरांत दिवे. एक मुलगी कंदील घेऊन चालते — म्हणजे मीच चालतो. चौथीतल्या कवितेत नदीवर धुकं निजलेलं असायचं. गुरुजी म्हणत, डोळे मिटून म्हणा, दिसेल. आज उघड्या डोळ्यांनी दिसलं.

सोबत दुसरी मुलगी असते. तिला कुणीतरी परगावाहून चालवतं. पडद्यावर अक्षरं उमटली — "आलात? दम खा जरा. मग निघू." नाव पाणकावळा! नात्सुएचा जुना सोबती असणार, कुणी कॉलेजातला पोरगा. खेळ तिच्या नावावर, म्हणून मला तीच समजतोय. मी लिहिलं, "हो."

खोटं बोललो.

१३ ऑक्टोबर
शेजारच्या ओकुमुरा वहिनी वांग्याचं लोणचं घेऊन आल्या. बटणं दाबून सोललेल्या माझ्या अंगठ्यावरची पट्टी पाहून म्हणाल्या, "कोण चावलं, भावजी?"
"भूत."
"बायको गेली की पुरुष दारू धरतात. तुम्ही भुतं धरलीत!"
खूप हसल्या. मग फोटोपुढे बसून डोळे पुसले.

१५ ऑक्टोबर
तीन दिवस खेळातल्या एका मोठ्या घराशी अडलोय. आत पाऊल टाकलं की भिंतीतून एक ओली बाई येते आणि मी मरतो. आज दाराशी बूट काढले. तसं बटण आहे! भुताच्या घरात कोण बूट काढतो? पण परक्याच्या घरात बुटांनी शिरायचं — हात धजेना. आणि बाई आलीच नाही! अनवाणी पावलं तिला ऐकूच येत नाहीत.

पाणकावळ्याने लिहिलं, "म्हणजे इतकी मरणं बुटांपायी! धन्य आहे!"

१७ ऑक्टोबर
आता फक्त देऊळ. तिथली घंटा दोघांनी एकदम ओढायची, की खेळ संपला. खरं सांगितलं तर तो सोडून जाईल, आणि नात्सुए शेवट न ऐकताच निघेल. नाही सांगितलं, तर तिच्याच नावाने खोटं.
दुपारभर नुसता बसून राहिलो. अंगणात पर्सिमनचं पिकलेलं फळ पडलं तेव्हा भानावर आलो.

१८ ऑक्टोबर
सांगितलं. "नात्सुए वारली. मी तिचा नवरा. माफ करा."
 मग पडद्यावरची त्याची मुलगी कंदिलासकट विरून गेली.

१९ ऑक्टोबर
आला नाही. घंटेखाली एकटा उभा राहिलो. दोरी हलत नाही. उदबत्ती लावून म्हणालो, "एवढंच जमलं गं."

२० ऑक्टोबर
एकोणपन्नासाव्याच्या विधीला उपाध्याय अकराला येणार होते. नऊलाच दार वाजलं. काळ्या कपड्यांत, काठी टेकत, माझ्याहून म्हातारी एक बाई!
"मी पाणकावळा. परवा तुमचं वाचलं आणि रडू आवरेना, म्हणून बंद केलं. काल पहाटे निघाले, पार उत्तरेच्या आओमोरीहून."
मी पुन्हा माफी मागू लागलो.
"अहो, ती गेली हे मला त्यानंतर तिसऱ्याच दिवशी पत्राने कळलं होतं! दवाखान्यात तिनेच लिहून नर्सकडे ठेवलं होतं, इथल्या पत्त्यासकट — आमचे हे खेळायला बसतील, वाट चुकतील, सोबत करा. आणि मी सांगितलंय हे कळू देऊ नका."
पिशवीतून तिने स्वतःचा कंट्रोलर काढला.
"चला, उपाध्याय यायच्या आत. ती वाट पाहत असेल."